पात्रं तीनच हवीत

५ मार्च

प्रिय भोंग्या,

घरी सगळं ठीक आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण माझ्या अक्षरातलं पाकीट पाहून तू घाबरला असशील. फोनवर तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि साहेबांनी बोलावलं म्हणून ठेवून देतोस. पत्राला ‘हं’ म्हणून ठेवता येत नाही, म्हणून हा मार्ग.

आईचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात चाला, शेजारीण म्हणते चालू नका, आणि आई दोघींचं ऐकते, म्हणजे दारापर्यंत जाऊन परत येते. डॉक्टरही बाईच आहेत हे तुला माहीत नसेल. जुने डॉक्टर गेले मुलाकडे राहायला. मी अजून टायरच्या दुकानातच आहे, बिलं करते, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा कॉम्प्युटरवर आपलं काम करते. मालकांना माहीत आहे. ते म्हणतात, टायरवाल्यांच्या इतिहासात लेखक झालेला नाही, तू हो.

तर बातमी ही की मी एक पटकथा लिहिली आहे. हसून घे. पूर्ण लिहिली आहे, सुरुवातीपासून ‘समाप्त’पर्यंत. लिहून झाल्यावर कळलं की लिहिणं हा सोपा भाग होता. सिनेमावाल्यांपैकी मी कुणालाच ओळखत नाही, आणि मला ओळखणारे सगळे टायर घ्यायला येतात. तेव्हा इंटरनेटवर शोधलं. अशा साइट्स असतात जिथे आपली पटकथा यादीला लावायची. वर्षाची वर्गणी भरायची, निर्माते येऊन यादी चाळतात, एखाद्याला आवडली तर तो निरोप पाठवतो. लग्न जुळवणाऱ्या साइटसारखंच आहे, फक्त इथे मुलगी रंगावरून नाही, पानांच्या संख्येवरून नाकारतात.

पहिलाच रकाना असा की तुमची गोष्ट एका वाक्यात सांगा. तुला ठाऊक आहे, मी दूधवाल्याचा निरोपसुद्धा एका वाक्यात सांगत नाही. आठवडाभर ते एक वाक्य लिहीत होते. शेवटी लिहिलं, ‘एक ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, त्याची गाडी, आणि एक गुपित.’ गुपित हा शब्द घातला की लोक उघडून बघतात, असं तिथल्याच एका लेखात होतं.

उघडून बघणाऱ्यांचा आकडा साइट दाखवते. पहिल्या महिन्यात तो जेमतेम होता, आणि त्यातही बराचसा मीच, दुकानातून. मग एका गृहस्थांचा निरोप आला. मी इतकी हुरळले की चुकीच्या गिऱ्हाइकाचं बिल केलं. ते म्हणत होते, तुमच्या लेखनात आग आहे, मात्र थोडी दुरुस्ती लागेल, आणि ती मी पैसे घेऊन करून देतो. अशा आग लावणाऱ्यांचे नंतर बरेच निरोप आले. आता मी ओळखते त्यांना.

एक रकाना आणखी होता. ‘ही गोष्ट खऱ्या व्यक्तींवर आधारित आहे का?’ त्यावर मी ‘नाही’ अशी खूण केली.

बाबा बरे आहेत. त्यांना आता फक्त कडेकडेचं दिसतं, मधला भाग पुसल्यासारखा आहे. खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकतात. आवाजावरून गाडी ओळखतात, आणि कुणी चुकीच्या गिअरमध्ये चढ चढला की इथून ओरडतात, ‘दुसऱ्यात घाल, दुसऱ्यात.’ आपली शिकवणीची गाडी खाली आच्छादनाखाली अजून आहे. विकायची नाही म्हणतात. दर रविवारी दुपारी मी ती चालू करते, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि ते शेजारी आपल्या जागेवर येऊन बसतात, शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. गाडी जागची हलत नाही, तरी त्यांचा पाय ब्रेकवर असतो.

तुझं विचारत नाहीत. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तूही त्यांचं विचारत नाहीस, दोघेही एकाच मातीचे.

जेवत जा वेळेवर. उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल.

तुझी,
ताई


११ एप्रिल

प्रिय भोंग्या,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र मिळालं असं धरते. न मिळालेलं पत्र तू परत पाठवलं असतंस, एवढा तू नेटका आहेस.

आईनं तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. मी म्हटलं, आता उन्हाळा आहे. ती म्हणाली, गुडघा बघता पूर्ण होईपर्यंत थंडी येईल. गुडघ्याचा विणण्याशी काय संबंध ते मी विचारलं नाही.

आता साइटचं पुढे. तिथे एक पान असं असतं की निर्माते स्वतःच सांगतात आम्हाला काय हवं. वाचायला मजा येते. एकाला भुताची गोष्ट हवी, पण हसवणारी, आणि कुत्रा हवाच. एकाला दुःखी शेवट चालणार नाही, एकाला सुखी चालणार नाही. मी रोज बघायची. आणि एके दिवशी एका निर्मातीबाईंचं मागणं दिसलं: जागा एकच, शक्यतो वाहन, जास्तीत जास्त तीन मुख्य पात्रं, खर्च कमी. माझी गोष्ट जवळजवळ सगळी गाडीतच घडते. मला वाटलं या बाईंनी आपल्या घरात डोकावून लिहिलंय. फक्त माझ्या गोष्टीत मुख्य पात्रं चार होती.

आता तुला सांगायलाच हवं. खूण ‘नाही’ला केली होती, पण गोष्ट आपलीच आहे. शिकवणारे बाबा आहेत. गाडी शिकणारी त्यांची मुलगी आहे. पोस्टातले काका आहेत, ज्यांना शेवटपर्यंत रिव्हर्स जमला नाही आणि जे गाडीला ‘मावशी’ म्हणायचे. आणि चौथा मागच्या सीटवर बसलेला मुलगा होता.

कसा होतास ते मी सगळं लिहिलं होतं. बाबांच्या डोळ्यांचं आपल्याला कळलं आणि त्यांना ते कबूल नव्हतं, तेव्हा तू कॉलेज सुटल्यावर प्रत्येक शिकवणीला मागे बसायला लागलास. सहज बडबडल्यासारखं करून पुढचा रस्ता सांगायचास. ‘अरे, शाळेची बस थांबली वाटतं.’ ‘हा म्हातारा बघा, मधूनच निघालाय.’ ‘सिग्नल लाल झाला की मला तहान लागते.’ शिकणाऱ्यांना वाटायचं, सरांचा मुलगा भारी बोलका आहे. बाबा ब्रेकवर पाय ठेवून सगळं ऐकायचे आणि तुलाच दटावायचे, ‘तोंडाला कुलूप लाव.’ लहानपणी रडायचास म्हणून भोंग्या, पण नाव खरं ठरलं ते तेव्हा. मग ती सायकलवाली मुलगी. काका गाडी चालवत होते, ती आडवी आली, बाबांना दिसली नाही, आणि तू मागून किंचाळलास म्हणून काकांनी ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी तू परवाना कार्यालयात फोन केलास. मला सांगून केलास. बाबांना वर्षभर समजावून झालं होतं, दुसरं काय करणार होतास.

तपासायला माणूस आला, त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, परवाना गेला, पाटी उतरली. जाताना तो म्हणाला, कळवणारं घरातलंच कुणी आहे. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, कुणी? तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. ताटाकडे बघत राहिलास. ‘ज्याला माझी गाडी थांबवायची होती त्यानं माझ्या घरात थांबू नये,’ असं बाबा म्हणाले आणि तू थांबला नाहीस. हे सगळं तसंच्या तसं होतं लिहिलेलं.

आणि बाईंना पात्रं तीनच हवी होती.

काकांना काढून पाहिलं, तर हसू गेलं आणि बाहेरचा शिकणारा कुणी उरेना. बाबांना काढता येत नाही. मुलीला काढायचा विचार केला, पण मग लिहिणारी मी कुठे उभी राहू ते कळेना. तेव्हा तुला काढलं. वाटलं होतं अवघड जाईल. एका शनिवारी दुपारी झालं. कॉम्प्युटरला सांगितलं की हे नाव शोध आणि दाखव, आणि मी एकेक वाक्य पुसत गेले. तुझी बडबड गेली. सायकलवाल्या प्रसंगात काका स्वतःच ब्रेक मारतात असं केलं. राहिला फोन. तो तर कुणीतरी करायलाच हवा, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही. तो मुलीला दिला. आता मुलगीच फोन करते, मुलगीच जेवताना गप्प बसते, मुलगीच घर सोडते.

ते दोनदा पुसलं आणि दोनदा लिहिलं. पण प्रसंग चांगला झाला, खोटं कशाला बोलू.

बाईंनी वाचली. उत्तर दोन दिवसांत आलं. त्यांना वर्षभराचा हक्क हवा आहे, म्हणजे वर्षभर ती गोष्ट दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, त्या पैसे जमवणार, जमले तर सिनेमा करणार. मी खुर्चीतच बसून राहिले. मालकांनी सगळ्यांना चहा मागवला. बाईंची तक्रार एकच: ‘काका एवढे घाबरट, मग नेमक्या वेळी ब्रेक कसा मारतात? तिथे काहीतरी निसटलंय.’ निसटलंय हे मलाही दिसतं. काय निसटलंय तेही ठाऊक आहे. पण पात्रं तीनच.

तुला राग आला तर लिही. नाही आला तरी लिही.

तुझी,
ताई


२ मे

प्रिय भोंग्या,

तुझा निरोप फोनवर वाचला. ‘काढलंस ते बरं केलंस, मी तसाही गाडीत मावत नव्हतो.’ एवढं वाक्य लिहायला तुला तीन आठवडे लागले असतील, तर साइटवर तुझा चांगला निभाव लागेल.

हवापाण्याचं लिहीत बसत नाही. जे लिहायचं ते कसं लिहावं हे ठरत नव्हतं म्हणून दोन कागद फाडले. सरळच लिहिते.

करारावर सही करण्याआधी पटकथा बाबांना वाचून दाखवावी असं मला वाटलं. आई नको म्हणत होती. ती म्हणाली, झाकली मूठ राहू दे. पण उद्या सिनेमा झाला, शेजारच्या कुणी त्यांना ‘तुमच्यावर सिनेमा आलाय’ म्हटलं, आणि त्यांना तो बघतासुद्धा येणार नाही. ते मला बरं दिसेना. मागच्या रविवारी गाडी चालू करायला खाली गेलो, तेव्हा कागद सोबत नेले. बॅटरीसाठी इंजिन थोडा वेळ चालवलं, बंद केलं, आणि स्टिअरिंगवर कागद टेकवून वाचायला लागले. ते शेजारी. पाय ब्रेकवर.

काकांच्या ‘मावशी’ला ते मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘बरोबर धरलास तो प्राणी.’ डोळ्यांचं आलं तेव्हा हसू थांबलं, पण वाच म्हणाले. सायकलवाली मुलगी आली, काकांनी ब्रेक मारला, आणि मी कडेनं पाहिलं तर बाबांनीही पाय दाबलेला होता. मग मुलगी फोन उचलते. तो प्रसंग दीड पानाचा आहे. मी न थांबता वाचला. मला वाटतं मी भरभर वाचला.

बाबा म्हणाले, ‘थांब.’

मी थांबले.

‘तू केला होतास?’

मी म्हटलं, ‘गोष्ट आहे, बाबा.’

‘गोष्टी काय आभाळातून पडतात?’

भोंग्या, तिथे मला एक शब्द बोलायचा होता. ‘नाही’ एवढा. साइटवर तो मी किती सहज टिचकी मारून दिला होता. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘आणि त्यानं तुझं नाव घेतलं नाही.’

‘त्यानं’ असं म्हणाले. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. मला रडू फुटलं, त्यावरून त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. मी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘हो’ही म्हटलं नाही. तू ताटाकडे बघितलंस, मी स्टिअरिंगकडे.

ते माझ्यावर रागावले नाहीत. मी वाट बघत होते. एवढंच म्हणाले, ‘तेव्हा कुणीतरी करायलाच हवं होतं. मी करत नव्हतो.’ मग मला म्हणाले, वर ने. जिना चढताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमीपेक्षा जड. काय झालं ते मी आईला सांगितलं तेव्हा तिनं स्वेटर बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘पोराचं ओझं तू घेतलंस होय.’ मी म्हटलं, मी घेतलं नाही, माझ्या हातून लिहिलं गेलं. ती म्हणाली, ‘एकच ते.’

इथवर मला वाटत होतं की त्यांचा गैरसमज झालाय आणि मी तो होऊ दिलाय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जायला निघाले, ते खिडकीत होते, रस्ता ऐकत. मला हाक मारली.

‘तुझ्या त्या गोष्टीत मागच्या सीटवर कोण आहे?’

‘कुणी नाही, बाबा.’

‘मग शिकवणाऱ्याला रस्ता कोण सांगतं?’

मी चपला चढवायला लागले. ते म्हणाले, ‘चुकलंय तुझं. त्या काकाला कुणी मागून ओरडून सांगितल्याशिवाय त्याचा पाय ब्रेकवर जाणं शक्य नाही. आमच्या गाडीत मागे भोंगा होता, म्हणून चालली गाडी तेवढे दिवस. तो घाल.’

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. तू बडबड करत होतास तेव्हाही, आणि तोंडाला कुलूप लाव म्हणून दटावत होते तेव्हाही. आता विचार करते, की ज्याला हे कळत होतं त्याला फोन कुणी केला हे कळलं नसेल का? माझं रडू त्यांनी खरंच खरं मानलं, की त्यांना मानायचं होतं म्हणून मानलं? मी त्यांच्याकडे बघत होते, पण त्यांचे डोळे तर कुणाच्याच चेहऱ्यावर थांबत नाहीत, त्यातून काय कळणार. एवढं खरं की तुला घरात ये म्हणायला त्यांना एक दार हवं होतं, आणि ते त्यांना माझ्या कागदांत सापडलं. दार कुणाचं का असेना.

मी निर्मातीबाईंना कळवलं की मला चौथा माणूस परत घालायचा आहे, नाहीतर ब्रेकचा प्रसंग बसत नाही. वाटलं, गेलं आता सगळं. मालकांनाही सांगून टाकलं होतं, टायरवाल्यांत लेखक काही झाला नाही. बाईंनी विचारलं, तो पडद्यावर दिसायलाच हवा का? मी म्हटलं, नाही, मागून बोलतो फक्त. त्या म्हणाल्या, मग घाला. खर्च चेहऱ्याचा असतो, आवाज आम्ही पात्रांत धरत नाही.

तर तू परत आलास. मी पुसलेली बडबड आठवून आठवून लिहिते आहे, काही वाक्यं बाबा सांगतात. ‘सिग्नल लाल झाला की मला तहान लागते’ हे त्यांना शब्दन्‌शब्द पाठ आहे. फोन मात्र मुलीकडेच ठेवला आहे. तो मी परत देणार नाही. करारातही विचारलंय, खऱ्या व्यक्तींवर आधारित आहे का. या वेळी ‘नाही’ लिहिताना मला काही वाटलं नाही, आता ते खरंच तसं घडलेलं नाही.

काल बाबा म्हणाले, ‘त्याला लिही, येऊन जा म्हणावं. बॅटरी तुला नीट सांभाळता येत नाही.’ बॅटरी उत्तम आहे. तू ये.

एकच विनंती आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. आलास की ते बहुतेक तुला म्हणतील, ‘माझं चुकलं, तू बहिणीला पाठीशी घातलंस.’ ‘फोन मीच केला होता’ असं त्यांना सांगत बसू नकोस. तुला खोटं सहन होत नाही, मला माहीत आहे, त्यापायीच तर एवढं झालं. पण ‘हं’ म्हणायची तुला सवय आहे. तेवढंच म्हण. तू त्या दिवशी केलंस ते बरोबर केलंस, हे मी तेव्हा तुला म्हणाले नाही, आता लिहून देते. ती सायकलवाली मुलगी आता नोकरीला लागलीय, रोज दुकानावरून जाते.

आणि माझी काळजी करू नकोस. मला या घरात कुणी काही बोलत नाही. उलट बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझी पोरगी लिहिते.

रविवारी दुपारी ये. गाडी मी चालू करून ठेवते. मागे बसू नकोस, स्टिअरिंगवर बस, मी मागे बसते.

वाट बघते.

तुझी चुगलखोर
ताई